क्रूझचं भाडं, मंगल कार्यालय आणि तुमचं दरपत्रक: "यात काय काय आलं?"



या आठवड्याचा व्हिडिओ किंमत ठरवण्यावर होता. त्यात मी क्रूझचं उदाहरण दोन मिनिटांत उरकलं. वेळ कमी होता म्हणून नाही, तर त्यातली एक गोष्ट कॅमेऱ्यासमोर सांगायला मला जड जात होती म्हणून. ती आज इथे लिहितो.

आम्ही चौघं, म्हणजे मी, बायको, बारा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा, सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझला गेलो होतो. दोन वर्षं पैसे साठवून केलेली ट्रिप. पहिल्या दिवशी मुलं पूलमध्ये, आईस्क्रीमच्या मशीनपाशी, जिन्यांवरून वर-खाली, नुसती धावत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलाने काउंटरवरून कोल्ड्रिंक घेतलं. त्याचे पैसे लागले. संध्याकाळी फोटोवाल्याने आमचा फोटो काढला. त्याचेही लागणार होते. माझ्या तोंडून "अरे, विचारत जा ना आधी!" असं दोनदा निघून गेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बुफेमध्ये मुलगी संत्र्याच्या रसाच्या ग्लासपाशी उभी राहिली, हात पुढे केला, मागे घेतला आणि मला म्हणाली, "बाबा, हे आपल्या पैशात आहे ना?"

तो रस भाड्यातच होता. पण प्रश्न रसाचा नव्हताच. दोन वर्षं साठवून मी जी मजा विकत घेतली होती, ती मजा घ्यायला माझी मुलगी आता घाबरत होती. त्या क्षणी मी प्रवासी राहिलो नाही, पुन्हा ट्रेनर झालो. मनात आलं, माझं गिऱ्हाईक माझ्याकडे आल्यावर असंच उभं राहतं का? हात पुढे करून, मग मागे घेऊन?

आजचा लेख त्या प्रश्नावर आहे. आधी क्रूझचा हिशेब नीट समजून घेऊ, कारण धंदा शिकायला ती मोठी शाळा आहे. मग आपल्या दुकानाकडे येऊ.

भाड्यात काय येतं?

क्रूझला नावं ठेवण्याआधी हे मान्य करूया की भाड्यात बरंच काही येतं. राहायची केबिन, रोजची साफसफाई, चादरी-टॉवेल. मुख्य डायनिंग हॉलमधलं जेवण आणि बुफे, म्हणजे नाश्ता, दुपारचं, रात्रीचं, मधल्या वेळचंही. बुफेतलं पाणी, चहा, साधी कॉफी आणि बहुतेक ठिकाणी एखादं सरबत. संध्याकाळचे नाच-गाण्याचे शो. पूल, जिम, बोटीवरचे बरेचसे खेळ. मुलांसाठी वेगळा किड्स क्लब, जिथे वयानुसार गट करून त्यांना दिवसभर गुंतवून ठेवतात. आणि मुख्य म्हणजे तुम्ही झोपलेले असताना बोट तुम्हाला एका बंदरातून दुसऱ्या बंदरात नेते, तो प्रवास.

शाकाहारी जेवण मिळतं. जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगावं लागतं, बोटीवर चढल्यावर नाही.

एक गोष्ट कुटुंबाने आधीच समजून घ्यावी. भाडं दर माणशी सांगतात, पण ते "एका केबिनमध्ये दोघं" असं धरून. त्याच केबिनमध्ये तिसरा-चौथा माणूस आला, म्हणजे मुलं सोफ्यावर किंवा वरच्या पलंगावर झोपली, तर त्यांना सहसा कमी भाडं लागतं. उलट एकटा माणूस गेला तर त्याला रिकाम्या पलंगाचेही पैसे मोजावे लागू शकतात, अगदी दोघांच्या भाड्याइतके. यात लबाडी नाही. विकायची वस्तू केबिन आहे, माणूस नाही. हॉटेलवाल्याला हे गणित लगेच कळेल.

भाड्याबाहेर काय राहतं?

आता दुसरी बाजू. मी हिचे तीन गट करतो, कारण तिन्हींचा स्वभाव वेगळा आहे.

पहिला गट, जे टळत नाही. बंदराचं शुल्क आणि कर. हे कधी जाहिरातीच्या आकड्यात असतात, कधी नसतात. बोट एखाद्या बंदरात गेलीच नाही, तर त्या बंदराचं शुल्क सहसा परत मिळतं, हे लक्षात ठेवा. मग विमानाचं तिकीट, व्हिसा, प्रवास विमा, बंदरापर्यंतची टॅक्सी. परदेशी टूर पॅकेज घेतलं तर टीसीएस कापला जातो. तो पुढे इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये जमा धरता येतो, पण आज खिशातून जातोच.

आणि रोजची टीप. बऱ्याच आंतरराष्ट्रीय कंपन्या ती दर माणशी, दर रात्री तुमच्या खात्यात आपोआप टाकतात. मुलांचीही लागते. अगदी तान्ह्या बाळांना काही कंपन्या सोडतात, एवढंच. कागदोपत्री ती ऐच्छिक असते. बऱ्याच बोटींवर काउंटरला जाऊन कमी करून घेता येते. पण ज्या पोऱ्याने रोज तुमच्या मुलासाठी टॉवेलचा हत्ती करून ठेवला, त्याची टीप कमी करा असं सांगायला किती जण जातील? म्हणून मी तिला "टळत नाही" या गटात टाकतो.

दुसरा गट, जे खरोखर ऐच्छिक आहे. दारू, बाटलीतली कोल्ड्रिंक, मशीनबाहेरची चांगली कॉफी. यावर वर १८ टक्के किंवा त्याहून जास्त सर्व्हिस चार्ज लागू शकतो. मुख्य हॉल सोडून वेगळ्या, खास रेस्टॉरंटमधलं जेवण. स्पा, कॅसिनो, धुलाई. वायफाय, आणि तेही दर मोबाईलमागे, दर दिवसाला. रात्री दहानंतर मुलांना किड्स क्लबमध्ये ठेवायचं असेल तर बऱ्याच बोटींवर तासावर पैसे. बंदरावर उतरून केलेली सहल.

तिसरा गट सगळ्यात महत्त्वाचा: जे आपण गृहीत धरतो आणि जे नसतं. उदाहरणार्थ, सिंगापूरहून निघणाऱ्या काही क्रूझच्या जाहिरातीत "क्वालालंपूर" असं लिहिलेलं असतं. बोट मात्र पोर्ट क्लांगला लागते. तिथून क्वालालंपूर शहर रस्त्याने तासाभराच्या अंतरावर. ती बस तुमच्या भाड्यात नसते. केबिनमध्ये जेवण मागवलं तर काही बोटींवर प्रत्येक वेळी वेगळा आकार पडतो. समुद्रात मोबाईल चालू राहिला आणि त्याने बोटीचं नेटवर्क पकडलं, तर घरी आल्यावर जे बिल येतं ते क्रूझच्या पावतीत कुठेच नसतं. म्हणून बोटीवर पाय ठेवला की फोन फ्लाइट मोडवर टाका.

हिशेब मांडून बघू

आकडे कंपनीनुसार, बोटीनुसार, हंगामानुसार बदलतात. मी इथे फक्त समजण्यासाठी धरतो. चार माणसं, चार रात्री, डॉलर ८५ रुपये.

रोजची टीप माणशी १८ डॉलर धरली तर १८ गुणिले ४ गुणिले ४, म्हणजे २८८ डॉलर.
वायफाय दोन मोबाईलवर, दिवसाला २० डॉलर, चार दिवस: १६० डॉलर.
दोन मुलांचं कोल्ड्रिंकचं पॅकेज, दिवसाला १४ डॉलर: ११२ डॉलर.
बंदरावरची एक सहल, माणशी ६० डॉलर: २४० डॉलर.
एकदा खास रेस्टॉरंटमध्ये जेवण, चौघांचं मिळून: १२० डॉलर.
तीन फोटो, प्रत्येकी २० डॉलर: ६० डॉलर.

बेरीज ९८० डॉलर. म्हणजे ८३,३०० रुपये.

यात दारू नाही, स्पा नाही, कॅसिनो नाही. सरळमार्गी मराठी कुटुंबाचा हिशेब आहे हा. आणि यातले २८८ डॉलर, म्हणजे २४,४८० रुपये, तर बोटीवर काहीही न मागता लागतात.

ज्यांना खरंच क्रूझला जायचं आहे त्यांच्यासाठी माझा सल्ला एका ओळीत: भाड्याचा आकडा बघू नका, घरातून निघून घरी परत येईपर्यंतचा आकडा काढा, आणि जे हवंच आहे ते बोटीवर चढण्याआधी घ्या, कारण पॅकेजं आधी घेतली तर सहसा स्वस्त पडतात. आणखी एक. बोटीवर डेबिट कार्ड देऊ नका. खर्चाच्या अंदाजाने ते रक्कम अडवून ठेवतात आणि ती मोकळी व्हायला काही दिवस लागू शकतात.

कंपनी असं का करते?

आता धंद्याच्या चष्म्यातून बघा. रॉयल कॅरिबियन ग्रुपचं २०२३ चं एकूण उत्पन्न सुमारे १३.९ अब्ज डॉलर होतं. त्यातले सुमारे ४.३ अब्ज डॉलर तिकिटाचे नव्हते, ते बोटीवरच्या आणि इतर विक्रीचे होते. म्हणजे दर शंभरातले एकतीस. कार्निव्हल कंपनीचं त्याच वर्षी हे प्रमाण आणखी थोडं जास्त, एक तृतीयांशाच्या पुढे होतं.

कारण सरळ आहे. बोट सुटली की रिकामी केबिन म्हणजे नासलेली भाजी. ती उद्या विकता येत नाही. त्यामुळे केबिन भरण्यासाठी तिकीट शक्य तितकं आकर्षक ठेवायचं आणि माणसं आत आली की बाकीची विक्री करायची. बोटीवर रोख पैसा चालत नाही, केबिनचं कार्डच सगळीकडे टेकवायचं. खिशातून नोट निघाली की हाताला कळतं. कार्ड टेकवताना काही कळत नाही. ते कळतं शेवटच्या रात्री, हिशेबाचा कागद हातात येतो तेव्हा.

हे मॉडेल मी चुकीचं मानत नाही. उलट ज्याला फक्त प्रवास, खोली आणि जेवण हवं आहे, त्याला ते स्वस्तात मिळतं. दुसऱ्याच्या दारूचा खर्च माझ्या भाड्यात कशाला? वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना वेगवेगळं हवं असतं, तेव्हा सुटं विकणं न्याय्यच आहे. माझा आक्षेप सुटं विकण्याला नाही. न सांगता विकण्याला आहे.

कायदाही आता हेच म्हणतोय

कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून कायदा लागू झाला की सरकारी कर वगळता जे शुल्क गिऱ्हाइकाला द्यावंच लागणार आहे ते जाहिरातीतल्या किमतीत धरूनच दाखवायचं. त्यानंतर मोठ्या क्रूझ कंपन्यांनी बंदराचं शुल्क धरून भाडं दाखवायला सुरुवात केली, फक्त कॅलिफोर्नियात नाही तर साऱ्या अमेरिकेत. गंमत बघा, रोजची टीप मात्र त्यात आली नाही, कारण ती कागदावर ऐच्छिक आहे!

याउलट ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने २०१९ मध्ये रोजची टीप वेगळी घेणंच बंद केलं आणि ती भाड्यात धरली. म्हणजे करायचं ठरवलं तर करता येतं.

आपल्याकडेही हे घडतंय. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं की हॉटेलांनी बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये याच प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीतल्या तेरा फसव्या पद्धतींची यादी काढली. त्यात "ड्रिप प्रायसिंग" आहे, म्हणजे आधी कमी किंमत दाखवायची आणि पैसे भरायच्या टप्प्यापर्यंत थेंबथेंब आकार वाढवत न्यायचा. तुम्ही इन्स्टाग्रामवर, वेबसाइटवर विकत असाल तर "आपण छोटे, आपल्याला कोण विचारतंय" असं समजू नका.

पण खरं सांगू? छोट्या उद्योजकाला कायद्यापेक्षा मोठी भीती दुसरीच असते. तिच्याकडे येतो.

आपल्या गावातली क्रूझ: मंगल कार्यालय

क्रूझ लांबची वाटत असेल तर मंगल कार्यालय आठवा. घरात लग्न ठरतं, मुलीचे वडील दोन-चार कार्यालयं बघून येतात, एक ठरवतात. भाडं ठरलं. मग हळूहळू कळतं: लाइट मीटरप्रमाणे वेगळी, जनरेटरचं डिझेल वेगळं, साफसफाई वेगळी, केटरर त्यांचाच, डेकोरेशनवालाही त्यांचाच, बाहेरचा आणायचा तर रॉयल्टी भरा. वधूपक्षाच्या खोल्या भाड्यात, वरपक्षाच्या मात्र जादा. अनामत रक्कम परत घ्यायला गेलं की "दोन खुर्च्या तुटल्या".

मुलीचा बाप त्या दिवशी भांडत नाही. मांडवात पाहुणे असतात. तो गप्प पैसे देतो. पण पुढची दहा वर्षं गावात कुणाचंही लग्न ठरलं की तो सांगत फिरतो, "तिथे नका जाऊ बाबा."

क्रूझ कंपनी आणि आपल्यात हा फरक आहे. त्यांना जगभरातून दर आठवड्याला नवीन गिऱ्हाईक मिळतं. आपल्याला त्याच तालुक्यातून, त्याच सोसायटीतून, त्याच भिशीच्या ग्रुपमधून मिळतं. त्यांचा एक नाराज प्रवासी म्हणजे समुद्रातला एक थेंब. आपला एक नाराज पाहुणा म्हणजे अख्खी आळी. त्यांचं मॉडेल डोळे झाकून उचललं तर आपण बुडतो, आणि आपल्याकडे लाइफबोटही नसते.

दापोलीजवळ होमस्टे चालवणाऱ्या एका ताईंची गोष्ट सांगतो. माझ्या वर्गाला होत्या. घर सुंदर, हाताला चव, तरी पाहुणे दुसऱ्यांदा येत नव्हते. मी त्यांना म्हटलं, "ताई, तुमचं दरपत्रक दाखवा." त्यांनी खोलीचा दर सांगितला, २,५०० रुपये. म्हटलं, "आणि?" मग एकेक बाहेर आलं. एसी लावला तर ४०० जादा. जादा गादी ३००. सकाळचा नाश्ता वेगळा. मासळीची थाळी "त्या दिवशीच्या बाजाराप्रमाणे". गरम पाणी मात्र फुकट, असं त्यांनी हसून सांगितलं.

मी विचारलं, "हे पाहुण्यांना कधी कळतं?"

त्या म्हणाल्या, "ते मागतात तेव्हा. आधी सगळं सांगत बसलं तर बरं दिसत नाही ना, सर."

हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. आपल्याला पैशाचं बोलायला संकोच वाटतो, म्हणून आपण ते पुढे ढकलतो. मनात लबाडी नसते, भिडस्तपणा असतो. पण पाहुण्याला दोन्ही सारखेच दिसतात! मे महिन्याच्या उकाड्यात कुणी एसीचं बटण दाबतं आणि सकाळी बिलात ४०० रुपये बघतं, तेव्हा त्याला ताईंचा संकोच दिसत नाही. त्याला वाटतं, आपल्याला पकडलं.

आम्ही दोघांनी बसून नवं पत्रक केलं. दोनच दर. साधी खोली २,५००, यात एसी नाही, नाश्ता आहे. एसी खोली २,९००, नाश्त्यासकट. पहिली जादा गादी दोन्हीत फुकट, कारण लहान मूल बरोबर असणारं कुटुंब हेच त्यांचं मुख्य गिऱ्हाईक. माशांचा भाव रोज संध्याकाळी फळ्यावर: "आज सुरमई थाळी इतके, बांगडा थाळी इतके." आणि बुकिंगच्या व्हॉट्सअॅप मेसेजमध्येच शेवटी दोन ओळी: यात काय आहे, यात काय नाही.

आता माझी चूक

ताईंना शहाणपणा शिकवून मी घरी आलो आणि बोटीवरचा तो संत्र्याचा रस आठवला. मग माझंच जुनं माहितीपत्रक काढून बघितलं.

दोन दिवसांच्या कार्यशाळेची फी मी ३,००० रुपये लिहायचो. वर्कबुक ४०० रुपये वेगळं, कार्यशाळेच्या दिवशी टेबलावर. प्रमाणपत्र हवं तर २०० रुपये. जेवण फीमध्ये, चहा एकदाच, दुसऱ्यांदा घेतला तर आपापल्या पैशाने. हे सगळं पत्रकात नव्हतं.

आणि मला एक बाई आठवल्या. पापड-लोणच्याचा गृहोद्योग सुरू करायचा होता त्यांना. दोन्ही दिवस पहिल्या रांगेत बसल्या. वर्कबुक घेतलं नाही. मी म्हटलं, "अहो, पुस्तकाशिवाय आकडे कुठे भरणार?" त्या म्हणाल्या, "मी वहीत लिहून घेते, सर." दुपारच्या चहाला बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. तेव्हा मला वाटलं, यांना चहा आवडत नसेल.

आज कळतं. त्या घरून बरोबर ३,००० रुपये घेऊन आल्या होत्या. कदाचित कुणाला तरी हिशेब देऊन. मी त्यांना आत घेतलं आणि मग दोन दिवस दाराबाहेर उभं केलं. ही ती गोष्ट, जी कॅमेऱ्यासमोर सांगवली नाही.

आता माझी फी ३,६०० आहे. वर्कबुक, प्रमाणपत्र, दोन्ही वेळचा चहा, सगळं त्यात. फी वाढल्यावर फोन करून "जास्त वाटते" म्हणणारे काही जण गळले, हे मी लपवत नाही. पण वर्गात आता कुणी हात मागे घेत नाही.

"पण सर, गिऱ्हाईक पळून जातं!"

हा प्रश्न येणारच, आणि तो खोटा नाही. शेजारचा २,५०० सांगतो आणि मी सगळं धरून ३,२०० सांगितलं तर माणूस शेजारी जातो. बरोबर आहे. क्रूझ कंपन्याही वर्षानुवर्षं याच भीतीने शुल्क बाहेर ठेवत होत्या. सगळ्यांना एकाच वेळी कायदा लागू झाला तेव्हा सगळ्यांनी एकत्र बदल केला. तुमच्या गल्लीत तसा कायदा उद्या लागू होणार नाही.

यावर माझं उत्तर: एकच आकडा सांगू नका, दोन सांगा. "नुसती खोली २,५००. नाश्ता, एसी, गादी सगळं धरून ३,२००." आता गिऱ्हाईक तुलना करू शकतं. शिवाय ते शेजाऱ्याकडे जाऊन विचारेल, "तुमच्या २,५०० मध्ये एसी आहे का?" म्हणजे तुमचं प्रामाणिक पत्रक शेजाऱ्यालाही बोलायला लावतं.

आणि उलटी चूकही करू नका. काही जण घाबरून सगळंच फुकट देतात. टिफिनवाली ताई डिलिव्हरी फुकट, जादा पोळी फुकट, सणाला गोड फुकट, असं करत करत महिन्याच्या शेवटी स्वतःच्या मजुरीएवढेही उरत नाहीत. क्रूझ कंपनीकडून हे मात्र शिका: ज्याला पैसे पडतात, त्याची किंमत लावायची लाज वाटू देऊ नका. फक्त ती आधी सांगा.

चार नियम

पहिला. जे प्रत्येक गिऱ्हाइकाला द्यावंच लागणार आहे, ते मुख्य किमतीतच धरा. पॅकिंग, साफसफाई, जीएसटी लागत असेल तर तोही. "प्लस प्लस" लिहू नका.

दुसरा. जे गिऱ्हाईक गृहीत धरतं, ते द्या किंवा ठळक सांगा. केकवाल्याकडे मेणबत्ती आणि सुरी, शिवणकामात अस्तर, फोटोग्राफरकडे अल्बम. वाद इथेच होतात. तुमच्या धंद्यातली अशी तीन नावं तुम्हाला आत्ता आठवली असतील.

तिसरा. जे ऐच्छिक आहे ते खुशाल सुटं विका, पण किंमत लिहिलेली असू दे आणि "नको" म्हणणं सोपं असू दे. नको म्हणताना गिऱ्हाइकाला ओशाळं वाटत असेल, तर ती वस्तू ऐच्छिक नाही. बोटीवरच्या टीपेचं हेच दुखणं आहे.

चौथा. हिशेब शेवटच्या दिवसापर्यंत झाकून ठेवू नका. मोठं काम असेल तर मध्येच एक मेसेज टाका: "आत्तापर्यंत इतके झाले." शेवटी धक्का बसला की आधीची सगळी सेवा विसरली जाते.

या आठवड्याचा गृहपाठ

एक कोरा कागद घ्या. मध्ये उभी रेघ मारा. डावीकडे "यात आहे", उजवीकडे "यात नाही". तुमच्या सगळ्यात जास्त विकल्या जाणाऱ्या एका वस्तूसाठी किंवा सेवेसाठी दोन्ही बाजू भरा. उजव्या बाजूच्या प्रत्येक ओळीपुढे रुपये लिहा. मग तो कागद घरातल्या अशा माणसाला वाचायला द्या ज्याला तुमचा धंदा कळत नाही. त्याने जिथे "अच्छा, हे वेगळं होय?" असं म्हटलं, तिथे खूण करा. ती ओळ उद्यापासून पत्रकात सगळ्यात वर.

परतीच्या विमानात मुलीने मला विचारलं, "बाबा, पुढच्या वेळी आपण आधी यादी करूया का? म्हणजे मग सारखं विचारायला नको."

बारा वर्षांच्या मुलीला जे कळलं ते मला इतकी वर्षं दुसऱ्यांना शिकवूनही कळलं नव्हतं. तुमच्या गिऱ्हाइकाला विचारायची वेळ येऊ देऊ नका. यादी तुम्ही आधी करून द्या.

भेटू पुढच्या व्हिडिओत. विषय: उधारी मागायची कशी, संबंध न तोडता.